डबीतला डोळा

तीस वर्षं मी बारावीच्या पोरांना प्रोटॉन शिकवला. फळ्यावर एक गोल काढायचा, आत अधिकाचं चिन्ह घालायचं, की झाला प्रोटॉन. पुढच्या बाकावरच्या एखाद्या शहाण्यानं "मॅडम, तो दिसतो कसा?" असं विचारलं की "परीक्षेला येत नाही, खाली बस" हे माझं उत्तर ठरलेलं असे. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आपला आणि प्रोटॉनचा संबंध संपला. तो पुन्हा आपल्याच शहरात, ट्रकमधून उतरून समोर येईल, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्यालाही खाली बसवलं असतं.

फोन आला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा. मूळचा करमाडचा. घरी मेंढरं, ती वाघरातून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, सोडून मग एसटीनं कॉलेजला यायचा आणि प्रात्यक्षिकाला हमखास उशीर करायचा. एकदा त्यानं माझा गॅल्व्हनोमीटर जाळला होता, ते मी अजून विसरलेले नाही. आता तो चाळिशीचा आहे, शास्त्रज्ञ आहे, आणि जुन्या वस्तू तपासणाऱ्या एका चमूत काम करतो.

"मॅडम, आमचं यंत्र आलंय शहरात. महिनाभर हाये. तुम्ही बघायलाच पायजे," तो म्हणाला.

"जाळलंस का काही?"

"अजून तरी नाय."

एका संग्रहालयाच्या मागच्या दालनात ते यंत्र मांडलं होतं. शाळेची दोन बाकं एकापुढे एक ठेवावीत तेवढी त्याची लांबी. धातूची जाड नळी, वायरींचं जंजाळ, आणि एका टोकाला नखाएवढी खिडकी. अलीकडे दोरी बांधून लाल दिवा लावलेला. त्यानं मला समजावून सांगितलं. हायड्रोजनमधून प्रोटॉन सुटे करायचे, नळीतून पळवत पळवत त्यांचा वेग वाढवायचा आणि त्या खिडकीतून बाहेर काढून वस्तूवर सोडायचे. मग वस्तूतल्या प्रत्येक मूलद्रव्यातून त्याचे स्वतःचे क्ष-किरण निघतात. ते मोजले की कशात काय आहे ते कळतं. वस्तू कापायची नाही, खरवडायची नाही. पूर्वी असल्या यंत्राला अख्खी इमारत लागायची आणि वस्तू तिथवर न्यावी लागायची. आता यंत्रच वस्तूच्या दारात येतं, असं तो अभिमानानं म्हणाला.

त्या दिवशी खिडकीसमोर एक बिदरी सुरई ठेवली होती. पडद्यावर एक रेघ वर-खाली होत होती, आणि तिच्या एकेका टोकाकडे बोट दाखवत तो "हे जस्त, हे तांबं, ही चांदी" असं सांगत होता. मी मान हलवत होते.

"कळलं का मॅडम?"

हा प्रश्न मी तीस वर्षं विचारला होता. आणि पोरं करतात तेच मी केलं, कळलं नव्हतं तरी हो म्हटलं. खरं तर माझं लक्षच नव्हतं. सुरई बघताना मला सारखी माझ्या कपाटातली एक डबी आठवत होती.

त्या डबीबद्दल सांगायचं तर आधी आबांबद्दल सांगायला हवं. माझे वडील. आम्ही अजिंठ्याचे, म्हणजे गावातले. आबा लेण्यांत एका गाइडच्या हाताखाली आरसा धरायचं काम करायचे. आत अंधार, आणि दिव्याच्या उजेडात रंग नीट कळत नसत. म्हणून बाहेर उन्हात एक माणूस मोठा आरसा घेऊन उभा राहायचा, ऊन पकडून दारातून आत फेकायचा. आतला दुसरा माणूस पांढरं कापड धरून तो उजेड भिंतीवर पसरायचा. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. आबा बाहेरचे. दिवसभर उन्हात उभे राहायचे आणि मधून मधून आत हाक द्यायचे, "दिसतंय का?" आतून "दिसतंय" असं आलं की हात तसाच धरून ठेवायचा.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "आबा, आतलं चित्र कसं हाये?" तर म्हणाले, "लोक चांगलं म्हणत्यात." मला तेव्हा त्या उत्तराचं हसू आलं होतं.

मी चौथीत असताना एका भिंतीच्या कडेचा तळहाताएवढा रंगीत पोपडा नाहीसा झाल्याचा बोभाटा झाला. तो पडला, झाडून गेला, की कोणी उचलला, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण गाइडनं आबांचं नाव घेतलं. का, तर दुपारी सगळे जेवायला बसले की आबा भाकरी हातात घेऊन एकटेच आत जाऊन बसतात, हे त्यानं पाहिलं होतं. तो दोन माणसं घेऊन आमच्या घरी आला. पेटी उपसली, ज्वारीची कणगी उपसली, माझं दप्तरसुद्धा उलटं केलं. काही सापडलं नाही. काम मात्र गेलं. आबा फक्त "म्या नाय घेतलं" एवढंच बोलले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या शेतात मजुरीला जायला लागले.

माझा त्यांच्यावर विश्वास होता. वर्गात कोणी "आरसेवाल्याची चोरटी पोर" म्हटलं की मी सरळ हाणामारीवर यायचे. शिक्षकांचा मार खाल्ला, पण माघार घेतली नाही.

पुढे मी शिकले, नोकरी लागली, शहरात घर झालं. आबांचे गुडघे गेले तेव्हा मी त्यांना आणि मायला इकडेच आणलं. त्यांच्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायला म्हणून कपडे काढत होते, तर तळाशी तंबाखूची पत्र्याची डबी लागली. आत रुमालात गुंडाळलेला एक तुकडा. मातीचा थर, त्यावर अर्धा डोळा, भुवई, आणि कानाशी एक निळं फूल.

मी तो मायला दाखवला. माय ओट्याजवळच खाली बसली. "शेवटी आणलंच म्हणायचं यानं," एवढंच म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. मी डबी होती तशी ठेवून दिली. आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. त्यांना आम्ही दोघींनीही काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हे आज सहज लिहिता येतं. तेव्हा मात्र त्या सगळ्या हाणामाऱ्या मला आठवत होत्या आणि आपण मूर्ख ठरलो याचाच राग येत होता.

त्यानंतर आबा सव्वा वर्ष जगले. त्या सव्वा वर्षात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "तुझ्या कालेजात आरसं, भिंगं, उजेडाचं काय काय असतंय म्हणतीस. एकदा दाव की मला." मी म्हटलं, परीक्षा आहेत. मग म्हटलं, प्राचार्य परवानगी देत नाहीत. मग म्हटलं, जिने चढवणार नाहीत तुम्हाला. प्रयोगशाळा तळमजल्यावर होती. खरं कारण असं की तिथं लोलक आणि बारकी भिंगं टेबलावर उघडी पडलेली असत, आणि त्यातलं एखादं आबांच्या खिशात गेलं तर काय, अशी मला भीती वाटत होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तर ती डबी. आबा गेल्यावर ती मी कपाटात कागदांखाली सरकवून टाकली, तिलाही आता बारा वर्षं झाली. यंत्र बघून आल्यावर आठ दिवस माझं कशात मन लागेना. तपासावं तर चोरी उघडी पडेल. न तपासावं तर कपाट उघडताना दर वेळी हात आखडतोच आहे. शेवटी डबी पिशवीत घातली आणि रिक्षा केली.

विद्यार्थ्याला मी सांगितलं, "एका ओळखीच्यांचं आहे." त्यानं तुकडा पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे खरंच लेण्यातलं निघालं तर मला वर कळवावं लागेल. चालंल?"

मी चालेल म्हटलं.

आधी डोळ्याच्या पांढऱ्या भागावर नेम धरला. रेघेवर एक उंच टोक आलं आणि त्याचा चेहरा उजळला. "टिटॅनियम! मॅडम, जुना नाय हा. टिटॅनियमचा पांढरा रंग अलीकडचा, घराच्या भिंतींना लावतात त्यातला."

म्हणजे चोरी नाही. मी खुर्चीवर बसले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यानं ओळखीच्या माणसांबद्दल काही विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढे केली.

हा आनंद टिकला घरी पोचेपर्यंत. कुंडीला पाणी घालताना मातीकडे लक्ष गेलं आणि मी झारी खाली ठेवली. दर वर्षी मी अकरावीच्या पोरांकडून एक खेळ करून घ्यायचे. आपल्या काळ्या मातीतून लोहचुंबक फिरवायचा, त्याला काळी रेती चिकटून येते. त्या रेतीत लोखंड असतं आणि टिटॅनियमही. आपला काळा दगडच तसा आहे. इथल्या कुठल्याही ढेकळात टिटॅनियम सापडणार, मग ते ढेकूळ दीड हजार वर्षांपूर्वीचं असो की माझ्या कुंडीतलं.

मी त्याला फोन केला. कुंडीतल्या मातीचं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, म्या करमाडचा. त्याच मातीत मेंढरं चारली, आन् तीच इसरलो."

"गॅल्व्हनोमीटरही असाच जाळला होतास," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तुकड्याची मागची नुसती माती तपासली. टिटॅनियम तिथंही तितकंच. प्रोटॉन पांढऱ्याच्या पातळ थरातून आरपार मातीत गेले होते. म्हणजे पांढऱ्यानं काहीच सांगितलं नव्हतं. मग त्यानं कानाजवळच्या फुलावर, जिथं निळ्याचा एक जाड ठिपका होता, तिथं नेम धरला. सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, गंधक. तो एकेक नाव हळू आवाजात वाचत होता.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"लाजवर्द असू शकतो, मॅडम. अफगाणिस्तानातून यायचा तो निळा दगड. जुन्या चित्रकारांच्या वापरातला."

काल चोर नव्हते, आज परत चोर. माणूस मेला तरी त्याची कोर्टातली पेशी संपत नाही, असं मला झालं. यंत्राला काय, ते आकडे देऊन मोकळं. माझा पार भुगा झाला होता. मी रागानं म्हटलं, "तुमचं हे यंत्र नक्की सांगतं काय?"

"कशाचं बनलंय ते सांगतंय. कुणी बनवलं ते नाय," तो म्हणाला. मग डोकं खाजवत त्यानं पुढचं सांगितलं. हाच निळा रंग कारखान्यातही बनतो, मूलद्रव्यं तीच. फरक इतकाच की दगडातून कुटलेल्या निळ्यासोबत दगडाचा कचराही येतो, कारखान्यातला स्वच्छ असतो. दोन्ही शेजारी ठेवून बघायला हवेत. दगडाचा कण त्यांच्या पेटीत होता. कारखान्याचा निळा नव्हता.

"तुमच्याकडं नीळ हाये का? पांढऱ्या कपड्यांना घालतात ती?"

आमच्या घरात दुसरं काही नसेल, पण नीळ असते. मायची पांढरी लुगडी आजही निळीतून काढल्याशिवाय वाळत पडत नाहीत. वाशिंग मशीन आणलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला होता, यात नीळ कुठून टाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीवरच्या फळीवरून एक पुडी उचलली आणि पर्समध्ये टाकली. चपला घालेपर्यंत माय दारात.

"नीळ कुठं चालली?"

"तुला कसं कळलं गं?"

"चार व्हत्या, तीन हायेत." मग ती दाराला टेकून उभी राहिली. "म्या मोजून ठेवते. गावी असताना माझी नीळ सारखी सरायची. तुझ्या बापाचं काम सुटलं ना, त्याच साली. आज पुडी आणावी, चार दिसांत अर्धी. घरात दुसरं कोण व्हतं? तुझी काकी. म्या इचारलं तिला, चार बायकांत इचारलं. ती रडली लई, पर कबूल नाय झाली. तवापासून बोलणं बंद, ते ती मरेस्तोवर."

मी घाईत होते. "येते गं," म्हणून निघाले. रिक्षा क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबली, तेव्हा कुठे तिचं बोलणं माझ्या डोक्यात उतरलं. मी पर्समधली पुडी हातात घेतली. चालकानं दोनदा "कहाँ उतरना है मॅडम?" विचारलं, तेव्हा मी संग्रहालय सांगितलं.

त्या दिवशी तीन गोष्टी खिडकीसमोर एकामागून एक ठेवल्या. दगडाचा कण, मायची नीळ, आबांचं फूल. दगडाच्या रेघेवर मधेमधे बारकी टोकं उगवली होती, चुन्याची, लोखंडाची. मायच्या निळीची रेघ साफ. फुलाची रेघ तिच्यावर ठेवली तर वेगळी काढता येईना.

"नीळच हाये, मॅडम," तो म्हणाला. "घरगुती. डिंकात नाहीतर सरसात कालवलेली असंल, ते मात्र ह्यात दिसत नाय. लेण्यातलं नाय हे." तुकडा रुमालात गुंडाळताना तो थांबला. "ज्यांनी काढलाय, त्यांचा हात चांगला व्हता."

मी त्याला सांगितलं, ते माझे वडील होते. तो उठून उभा राहिला. वर्गात मी शिरले की पोरं उभी राहायची, तसा.

घरी येईपर्यंत आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. सुटका म्हणावी तर ज्याची करायची तो बारा वर्षांपूर्वी गेलेला. झडतीत तो तुकडा सापडला नव्हता, कारण तेव्हा तो नव्हताच. काम गेलं, आत जाणं बंद झालं, मग त्यांनी तो घरी केला. माती लिंपली, मायची नीळ चोरली, आणि दुपारच्या भाकरीच्या वेळात अंधारात जे दिसलं होतं ते आठवून काढलं. दाखवणार कोणाला? बघणारा पहिला माणूस म्हणाला असता, हाच तो तुकडा. म्हणून डबीत. एवढं मी जुळवलं, पण खरंच असंच झालं का, ते मला कोण सांगणार? ते एवढं मोठं यंत्रही सांगू शकत नाही.

मायला मी सगळं सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हंजी माझी नीळ त्यानं नेली."

"हो."

"मग तुझ्या काकीनं नाय नेली."

"नाही."

तिनं पदर तोंडात धरला. मग बोलली ते स्वतःशीच. "तिला चोर म्हणले तोंडावर. याला म्हणले मनात. दोघं बी गेले." मला तिची समजूत घालता येईना, कारण माझी काही वेगळी गत नव्हती. तळमजल्यावरची प्रयोगशाळा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वीस पावलं होती गेटपासून. आता मी निवृत्त, तिथली किल्लीही माझ्याकडे नाही.

सकाळी मायनं तो तुकडा मागितला. मी दिला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, ट्यूबखाली नेला. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, तरी आतल्या खोलीत तिला कमीच दिसतं. "निळं दिसतंय नुसतं," ती कुरकुरली. "डोळा कुठंय?"

मी न्हाणीघरातला आरसा खिळ्यावरून काढला आणि गॅलरीत गेले. नऊचं ऊन कठड्यावर आलं होतं. आरसा तिरपा केला, तर ऊन आधी छतावर गेलं, मग फ्रिजवर, मग मायच्या मांडीवर. तिथं ते धरून ठेवायचं म्हणजे दोन्ही हात खांद्यापासून ताठ ठेवावे लागतात. पाच मिनिटांत माझे दंड भरून आले. समोर आरशाची तिरीप आणि खोलीचा काळा दरवाजा. आत माय आहे, तिच्या हातात आबांनी काढलेला डोळा आहे, हे मला ठाऊक होतं. दिसत मात्र काहीच नव्हतं.

"दिसतंय का?" मी विचारलं.

ऊन जरा सरकलं, तसा मी आरसा सरकवला.

"दिसतंय," माय म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "धर तसाच."

मी धरून उभी राहिले.